माइक एकट्याचा

साल १९३४. तुम्ही मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडता आणि गर्दीच तुम्हाला एस्प्लनेड मैदानाकडे ढकलत नेते. चार वर्षांच्या खंडानंतर हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांचे चौरंगी सामने पुन्हा भरलेत. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत ते बंदच होते. आज पारशी विरुद्ध मुस्लिम. कडेने शामियाने ठोकलेत, डगलेवाले पारशी आणि तुर्की टोपीवाले प्रेक्षक शेजारी शेजारी बसलेत, पोरं झाडांवर चढलीत.

तुम्ही मात्र खेळाकडे पाठ करून उभे राहा आणि माइकसमोर बसलेल्या माणसाकडे बघा. बॉबी तल्यारखान. पस्तिशी ओलांडलेला पारशी गडी. रेडिओला अजून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही मिळालेलं नाही, त्याला दोन वर्षं आहेत. समालोचक कसं व्हायचं हे त्याला सांगेल असा कुणी गुरू इथे नाही, कारण इथे हा धंदाच आज सुरू होतोय. तो इंग्रजीत बोलतोय आणि थांबत नाहीये. जेवणाची सुट्टी आणि चहापान सोडलं तर दिवसभर तोच बोलणार आहे.

यात काय विशेष, असं वाटत असेल तर करून बघा. मनातल्या मनात तुम्हीच बोलायला लागा. पहिला चेंडू सोपा जातो: गोलंदाज धावत आला, चेंडू टाकला, फलंदाजाने पाय पुढे टाकून अडवला. दुसऱ्या चेंडूलाही तेच शब्द चालून जातात. तिसऱ्या चेंडूनंतर गोलंदाज वळतो, पँटला चेंडू घासत सावकाश मागे चालू लागतो, आणि तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. ही पंधरा-वीस सेकंदं म्हणजे समालोचकाची खरी परीक्षा. स्लिपमध्ये दोनच राहिलेत, तिसरा कुठे गेला? कप्तानाने मिडऑनला हाताने थोडं मागे सरकवलं, ते का? धावफलक किती? तो पुनःपुन्हा सांगावाच लागतो, कारण आत्ता या क्षणाला कुणीतरी घरात रेडिओ लावलाय आणि त्याला काहीच ठाऊक नाही. तुम्ही नजर जराशी हटवलीत की तो माणूस आंधळा झाला. हे ओझं मला फार मोठं वाटतं. मैदानावरच्या खेळाडूची चूक सगळ्यांना दिसते. समालोचकाची चूक ऐकणाऱ्याला कळतही नाही, तो तीच खरी मानून चालतो.

सहाव्या चेंडूपर्यंत तुमचा घसा कोरडा पडलाय. तल्यारखान बोलतोच आहे.

आता डिसेंबर १९४३. नऊ वर्षं पुढे आलात. मैदान बदललंय, चर्चगेटला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलंय. पाचवा संघ येऊन चौरंगीची पंचरंगी झालीय, आणि रेडिओवरच्या पंचरंगीचा आवाज म्हणजे तल्यारखान. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडलाय, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. समोर ‘रेस्ट’, म्हणजे जे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन यांच्यापैकी कुठल्याच संघात बसत नाहीत ते. पहिल्या डावात १३३ मध्ये आटोपलेत. दुसऱ्या डावात आपल्या सांगलीचा ख्रिस्ती मुलगा, विजय हजारे, उभा राहिलाय. दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ विवेक.

रेडिओवाल्या शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ऐकतोय असं समजा. दोघा भावांची भागीदारी ३०० ची होते आणि विवेकच्या वाट्याच्या धावा किती? सगळ्या डावात मिळून २१. एकजण मारतोय, दुसरा नुसता अडवतोय, तासन्‌तास. हे कसं सांगणार? विजयचे चौकार कुणीही रंगवून सांगेल. विवेकची पुढे टाकलेली बॅट, पायाशी मेलेला चेंडू, पुन्हा तीच बॅट, पुन्हा तोच चेंडू, हे ऐकणाऱ्याला कंटाळा न येऊ देता सांगायचं तर धाकट्याने थोरल्यासाठी काय धरून ठेवलंय ते बोलणाऱ्याला आधी कळलेलं असावं लागतं. संघाच्या ३८७ पैकी विजयच्या ३०९. तरीही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरतात. दारातली माणसं मात्र हरल्यासारखी दिसत नाहीत.

मधली वर्षं भराभर ओलांडा. धर्मावर बेतलेल्या या सामन्यांना विरोध वाढत गेला आणि १९४६ साली पंचरंगी कायमची बंद झाली. ते झालं ते बरंच झालं. देश स्वतंत्र झाला. १९४८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदा भारतात आला आणि ऑल इंडिया रेडिओने ठरवलं की यापुढे एक आवाज नाही, तिघांनी पाळीपाळीने बोलायचं. तल्यारखान नाही म्हणाला. माइक वाटून घ्यायला तो तयार नव्हता. तो बाजूला झाला.

म्हणून आता ८ फेब्रुवारी १९४९ ला, पुन्हा ब्रेबर्नवर, या. पाचवी कसोटी, शेवटचा दिवस. भारताला जिंकायला ३६१ हवेत. रुसी मोदी ८६ काढून गेला. हजारेने, हो, त्याच हजारेने, १२२ केल्या. ऊन कलतंय आणि दत्तू फडकर एकेक धाव खेचून आणतोय. आठ गडी बाद, ३५५. सहा धावा हव्यात. आणि पंच बेल्स उचलतात. घड्याळात थोडा वेळ अजून शिल्लक आहे! उत्साहात, गडबडीत, वेळ संपल्याचं जाहीर होतं. सामना अनिर्णित. मालिका वेस्ट इंडिजची.

तुम्ही गर्दीत उभे आहात आणि तुमच्या मनात एकच येतं, तल्यारखान आज माइकवर हवा होता. मलाही तसंच वाटतं. पण त्याच्या नकाराची बाजू मला घेता येत नाही. दिवसभराचं चित्र एकाच डोळ्याने पाहिलेलं असावं, हा त्याचा हट्ट कलावंताचा होता हे खरं. ऐकणाऱ्याचं काय? त्याच्या कानात तो दिवस तल्यारखानच्या आवाजात उतरायला हवा होता, आणि उतरला नाही.

शेवटचा मुक्काम. १९७० नंतरचा कुठलाही सामना, आकाशवाणीचा अरुंद कक्ष. आता मराठीतही धावतं समालोचन होतं. महाराष्ट्राकडून स्वतः खेळलेले बाळ ज. पंडित माइकवर बसलेले पुण्या-मुंबईच्या घराघरांनी ऐकलेत. पायचीत, झेल, निर्धाव षटक हे शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी बसलेत, गल्लीतला सामनासुद्धा समालोचनासकट खेळला जातो.

तुम्ही कक्षात मागे उभे राहा, श्वास हळू घ्या. षटक संपत आलंय. बोलणारा शेवटचा चेंडू सांगतो, धावफलक सांगतो, आणि बोलता बोलताच खुर्चीतून अर्धा उठतो. दुसरा शेजारून सरकतो. गुणलेखकाचा कागद पहिल्याच्या बोटाखाली आहे, नेमकं कुठवर आलोय त्या ओळीवर. दुसऱ्याचं बोट त्या ओळीवर टेकतं, मगच पहिल्याचं उचलतं. पहिला सहकाऱ्याचं नाव घेतो. टोक बदलून दुसरा गोलंदाज धावत निघालाय, आणि ऐकणाऱ्याला त्याची चार पावलंसुद्धा चुकलेली नाहीत.