वखार, कौल आणि कुंपणी : परदेशी कंपनीच्या परवान्याचा एक अध्याय

परराज्यात जाऊन व्यापार मांडू इच्छिणाऱ्या मंडळीस आरंभीच दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. आम्ही कोण, हा पहिला प्रश्न. आणि येथे काय काय करण्याची आम्हांस मुभा आहे, हा दुसरा. आज ही उत्तरे नोंदणी-कार्यालयात ठरीव नमुन्यावर लिहून देता येतात. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस ती पश्चिम किनाऱ्यावर दरबारात, बंदरावर आणि प्रसंगी कैदेत द्यावी लागली. या घडामोडींचा राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला आहे. तथापि त्या काळच्या व्यवहारातील शब्दांकडे लक्ष दिले असता त्याची एक दुर्लक्षित बाजू स्पष्ट होते. यजमान राज्यांनी परवाना दिला तो कंपनी नामक संस्थेला नव्हे, तर माणसांना आणि जागेला; आणि पुढील अनेक वादांचे मूळ या भेदात होते.

३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने दिलेल्या सनदेने लंडनच्या व्यापाऱ्यांची ही मंडळी मायदेशी कायद्याची एक स्वतंत्र व्यक्ती बनली. तिच्या नावे मालमत्ता धारण करता येई, दावा लावता येई, आणि सभासद निवर्तले तरी संस्था टिकून राही. मोगल अंमलात मात्र या सनदेस काहीच मोल नव्हते. विल्यम हॉकिन्स १६०८ साली सुरतेस उतरला व पुढील वर्षी आग्र्यास पोहोचला. त्यास तुर्की येत असल्यामुळे जहांगिराशी त्याचे बोलणे दुभाष्यावाचून होई. बादशहाने त्यास चारशेची मनसब दिली. म्हणजे व्यापारी मंडळीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या गृहस्थास दरबाराने आपल्या परिचयाच्या चौकटीत, चाकराच्या जागी, बसविले. परंतु पोर्तुगीजांच्या विरोधापुढे व्यापाराची परवानगी टिकली नाही, आणि १६११ साली तो रिक्तहस्ते आग्र्याहून निघाला. १६१२ च्या अखेरीस सुवालीच्या समुद्रात इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज आरमारास दाद दिली नाही, तेव्हा कोठे १६१३ साली सुरतेच्या वखारीस बादशाही मान्यता लाभली.

या मान्यतेचे स्वरूप कागदाच्या नावावरूनच कळते. फर्मान बादशहाचे, निशाण शाहजाद्याचे आणि परवाना अधिकाऱ्याचा, अशी ही उतरंड होती. यांपैकी कोणताही कागद कायमचा हक्क देत नसे; देणाऱ्याची मर्जी व त्याचा अधिकार असेतो तो चाले, आणि सत्ता पालटताच नवा मिळवावा लागे. १६१५ ते १६१९ या काळात येथे राहिलेल्या सर टॉमस रो या वकिलास दोन राजांमधील कायमचा तह हवा होता. तो त्यास मिळाला नाही. १६१८ साली सुरतेचा अधिकार असलेल्या शाहजादा खुर्रमकडून जे मिळाले त्यात इंग्रजांचे आपसातील तंटे त्यांनीच मिटवावे ही मोकळीक होती. पण घर भाड्याने घ्यावे, विकत घेऊ वा बांधू नये, असे बंधनही होते. बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास मुत्सद्दी म्हणत. जकातीची आकारणी, मालाची झडती, जहाजांस निघण्याची मोकळीक हे सारे त्याच्या हाती असे. मराठीत या शब्दास धोरणी राजकारणपटू हा अर्थ आला आहे. बंदरावर ज्याच्याशी गाठ पडे त्याच्याशी बोलण्यास केवढे कौशल्य लागत असेल, याचा विचार केला म्हणजे हे अर्थांतर मौजेचे वाटते.

वखार हा शब्दही असाच बोलका आहे. वखार म्हणजे माल साठविण्याची जागा. लाकडाची वा कोळशाची वखार आजही सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजांच्या तोंडी असलेल्या ‘फॅक्टरी’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ गुमास्त्यांचे ठाणे एवढाच होता. कारखान्याशी त्याचा संबंध नव्हता. सुरतेच्या वखारीत अध्यक्ष व त्याचे मंडळ, त्यांच्याखाली व्यापारी, गुमास्ते व कारकून अशी श्रेणी असे. पगार तुटपुंजे असल्याने बहुतेकांचा खाजगी व्यापार चाले. कापड व नीळ यांची खरेदी देशी दलालांवाचून होत नसे; आणि विलायतेहून आलेली चांदी अपुरी पडली की वीरजी व्होरासारख्या सावकाराकडून व्याजाने रक्कम उचलावी लागे. भीमजी पारेख या दलालाच्या विनंतीवरून १६७४ साली कंपनीने विलायतेहून एक मुद्रक मुंबईस पाठविला, यावरून अशा मध्यस्थाचे वजन ध्यानात येते. परकीय संस्था चालत होती ती स्थानिक पत, स्थानिक भाषा आणि स्थानिक माणसे यांच्या आधारावर.

अशा स्थितीत ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर कंपनीला वाटे तितके सोपे नव्हते. यजमानांच्या भाषेत तिचे नाव नव्हते; होता तो टोपीकर हा शब्द. धर्म, राजा वा संस्था यांपैकी काहीही न पाहता डोक्यावरील टोपीवरून माणसांचा वर्ग ठरविणारे हे नाव आहे. १६३६ साली तांबड्या समुद्राच्या मुखाशी सुरतेचे जहाज लुटल्याची बातमी आली, तेव्हा वखारीचा अध्यक्ष मेथवोल्ड यास अटकेत बसावे लागले. लूट करणारी जहाजे कंपनीची नव्हती. तिच्या प्रतिस्पर्धी इंग्रजांची होती. हा भेद सुरतेस मान्य झाला नाही आणि भरपाई कंपनीवर आली. १६९५ साली हेन्री एव्हरी या चाच्याने बादशाही जहाज गंज-इ-सवाई लुटले, तेव्हाही सुरतेचे इंग्रज कैदेत पडले. कंपनीची तक्रार अशी की दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा आपणांस होते. मोगल अधिकाऱ्यांच्या बाजूनेही प्रश्न वाजवी होता. समुद्रावर जो सापडत नाही त्याचा जामीन जमिनीवर कोण? त्यांच्या दृष्टीने वखार ही ती जामीनकी होती.

मराठी राज्याशी कंपनीचा संबंध आला तो राजापूर येथे. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा असताना राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन वेढ्यात सामील झाला. व्यापाराचा परवाना असलेल्याने युद्धात उतरणे हा उघड मर्यादाभंग होता. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन वखार लुटली व इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ साली झाली. नुकसानभरपाईची बोलणी पुढे अनेक वर्षे रेंगाळली. अखेर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनशी करार झाला. १०,००० होन भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारींची मोकळीक आणि शेकडा अडीच जकात, ही त्याची मुख्य कलमे होत. मुंबईचे नाणे आपल्या राज्यात चालावे या मागणीवर महाराजांचे उत्तर असे की, कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही. परंतु प्रजेस तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती करता येणार नाही. इंग्रजांच्या लेखी हा तह होता. मराठी राज्यव्यवहाराच्या दृष्टीने त्याचे नाते कौलाशी अधिक जवळचे म्हणता येईल. कौल म्हणजे मुळात शब्द, वचन. पेठ वसविण्यास वाणी-उदम्यांना धनी जो देतो तो कौल. त्यात अभय असते, पण धनीपण देणाऱ्याकडेच राहते.

हीच दृष्टी इ. स. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात सूत्ररूपाने आढळते. सावकार हे राज्याची शोभा, असे सांगणारा हा ग्रंथ टोपीकरांस त्यांतून वेगळे काढतो. कारण इतर सावकारांमागे केवळ भांडवल असते, यांच्यामागे राजे आहेत आणि आरमार, तोफा, दारूगोळा हे यांचे बळ आहे. म्हणून व्यापार करू द्यावा, पण वखारीस जागा द्यावयाची झाल्यास ती खाडीच्या वा समुद्राच्या काठी न देता काही कोस आत द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा उपदेश आहे. खुर्रमचे बंधन आणि अमात्यांचा उपदेश यांतील साम्य लक्षणीय आहे. दोघांनाही भय मालाचे नव्हते. भय भिंतीचे होते.

तथापि त्या वेळेपर्यंत भिंत उभी राहिली होती. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक १० पौंड खंडाने कंपनीस दिले, आणि तेथे तिला कोणाचा कौल मागण्याचे कारण उरले नाही. दुसरी वाट कागदाची होती. १७१७ च्या फर्रुखसियरच्या फर्मानाने बंगालमध्ये सालीना ३,००० रुपयांत कंपनीचा माल जकातमुक्त झाला. मालासोबत जाणारे दस्तक कंपनीचे नोकर आपल्या खाजगी व्यापारासही लावू लागले. मीर कासिमने १७६३ साली देशी व्यापाऱ्यांचीही जकात उठविली, तेव्हा भांडण युद्धावर गेले. १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीकडे आली. ज्या संस्थेला यजमानांच्या भाषेत नाव नव्हते तिला नाव मिळाले ते आता. मराठीत कुंपणी हा शब्द रूढ झाला तो सरकार या शब्दाच्या जोडीने. त्या रूपावर ‘कुंपण’ या परिचित शब्दाची छाया पडली असावी.

भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील परदेशी कंपन्यांविषयीचा भाग या पार्श्वभूमीवर वाचण्याजोगा आहे. येथे व्यवसायाचे ठिकाण उघडल्यापासून ३० दिवसांत कंपनीने आपली घटना, संचालकांची यादी आणि तिच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्या भारतातील रहिवाशाचे नाव निबंधकाकडे दाखल करावयाचे असते. सुरतेच्या मुत्सद्द्याला जो जामीन हवा होता, त्याचेच हे सौम्य व न्याय्य रूप होय. दुसऱ्याच्या अपराधासाठी त्याला कैदेत बसावे लागत नाही. याच कायद्याचे आणखी एक कलम असे की, कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव व तिचा मूळ देश इंग्रजीबरोबर त्या परिसरात रूढ असलेल्या एखाद्या भाषेच्या लिपीतही ठळकपणे लिहिलेला असावा. दारात आलेला व्यापारी कोण आहे, हे आपल्या लिपीत वाचता येणे, हा यजमानाचा पहिला हक्क होय.