शाळेच्या टेबलावरचा विषाणू

सत्तरच्या दशकात अलास्कातल्या दोन आडबाजूच्या गावांत संशोधकांनी माणसांचे रक्त तर तपासलेच, पण वस्तूही तपासल्या. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा अंश त्यांना मुलांच्या लाळेत आणि अंगावरच्या चिघळलेल्या फोडांत सापडला. शाळेत मुले ज्या टेबलांवर जेवत, त्यांच्यावरही तो निघाला. ही कावीळ सहसा दूषित रक्त, सुई, शरीरसंबंध किंवा बाळंतपणातून पसरते. इथे ती खेळता-खेळता पसरत होती.

नैर्ऋत्य अलास्कातल्या युपिक लोकांच्या बहुतेक गावांना जोडणारा रस्ता आजही नाही. त्या काळी लहानशा घरात मोठे कुटुंब राही, नळ नसे, शौचाला बादली असे. पाणी बाहेरून वाहून आणायचे किंवा बर्फ वितळवायचा. अशा घरात हात दिवसातून किती वेळा धुतले जाणार आणि पोराच्या गुडघ्यावरचा फोड किती स्वच्छ राहणार? मोठ्या वयात हा विषाणू शिरला तर बहुतेकांचे शरीर त्याला हुसकावून लावते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत मात्र, अलास्कातल्या नोंदींप्रमाणे, दहांतल्या जवळजवळ तिघांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकत असे.

त्याचे पर्यवसान भयंकर होते. यकृताचा कर्करोग म्हणजे एरवी उतारवयाचा आजार. अलास्काच्या मूलनिवासींत तो शाळकरी मुलांनाही होई. १९८४ ते १९८८ या काळात विशीच्या आतल्या लाख मुलांमागे वर्षाला तिघांना तो झाला. उर्वरित अमेरिकेत एवढ्या लहान वयात हा रोग अगदी क्वचित दिसे.

असे आकडे दिसले की ‘त्यांच्या रक्तातच ते आहे’ म्हणण्याचा मोह होतो. पुढे तपासात वेगळेच निघाले. या विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार आहेत, आणि अलास्कात आढळणारा ‘एफ’ हा प्रकार ज्यांच्या अंगात होता, त्यांना कर्करोग फार तरुणपणी गाठत होता. ‘रक्तातले’ जे होते ते विषाणूचे वाण होते. त्याला एका पोराकडून दुसऱ्या पोराकडे नेण्याचे काम दाटीने आणि पाण्याच्या टंचाईने केले.

या विषाणूचा शोधही एका मूलनिवासीच्या रक्तातूनच लागला. साठच्या दशकात बारूच ब्लूमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन दिसले. त्यांनी त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हटले. हा हिपॅटायटिस बीच्याच विषाणूचा भाग आहे हे नंतर उलगडले आणि १९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले. मॉरिस हिलमन यांनी विषाणू अंगात कायमचा मुरलेल्या वाहकांच्या रक्तद्रवातून लस केली आणि १९८१ च्या अखेरीस अमेरिकेत तिला परवाना मिळाला. तीन डोसांचा खर्च शंभर डॉलरच्या घरात जाई. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती, त्यांना ती मुळीच परवडण्याजोगी नव्हती.

त्याच सुमारास नैर्ऋत्य अलास्कातल्या पंधरा गावांत दीड हजारांवर लोकांना ती टोचून पाहिली गेली आणि ती लागू पडली. मग मूलनिवासींच्या पुढाऱ्यांनी वॉशिंग्टनकडे पैशांचा तगादा लावला. १९८४ पासून प्रत्येक नवजात बाळाला लस आणि लोकांची सरसकट रक्ततपासणी सुरू झाली. पन्नास हजारांवर माणसे तपासली गेली. ही लस गोठली की निकामी होते, त्यामुळे अलास्कातल्या हिवाळ्यात तिला गारठ्यापासूनच जपावे लागणार. गावांत आरोग्यसेवेची भिस्त गावातल्याच आरोग्य-साहाय्यकांवर होती. क्षयाच्या गोळ्या वाटण्यापासून घडत आलेली ही व्यवस्था १९६८ मध्ये रीतसर मान्य झाली. आपल्याकडच्या आशाताईंची ही थोरली बहीणच म्हणायची, वयाने जवळजवळ चार दशकांनी मोठी.

अलास्काच्या मूलनिवासींत १९८७ मध्ये विशीच्या आतली ६५७ मुले वाहक होती. २००८ मध्ये दोन उरली. १९९९ नंतर तिथे विशीच्या आतल्या एकाही मूलनिवासी मुलाला यकृताचा कर्करोग झाल्याची नोंद नव्हती, असे २०११ च्या अहवालाने सांगितले. अमेरिकेने सगळ्या बाळांना ही लस द्यायची शिफारस १९९१ मध्ये केली. भारतात ती देशभरच्या मोफत लसीकरणात २०११ मध्ये आली. नव्वदच्या दशकाअखेर महाराष्ट्रात गावोगावी पैसे भरून ‘कावीळ ब’च्या लसीची शिबिरे भरत, तेव्हा युपिक बाळांना ती जन्मतःच फुकट मिळत होती. हे श्रेय लशीइतकेच तगादा लावणाऱ्यांचे आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात ते सहसा तळटिपेत जाते.

लस आली तेव्हा सुमारे दीड हजार माणसे आधीच वाहक झालेली होती. त्यांना टोचून उपयोग नव्हता. अलास्कातले डॉक्टर ब्रायन मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाहकांची यादी केली आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचा पायंडा पाडला. गाठ लहान असतानाच सापडू लागली, काढता येऊ लागली, आणि असे रोगी पूर्वीच्यांपेक्षा जास्त वर्षे जगले.

एका विषाणूपुरता हा हिशेब जुळला, बाकीचा जुळलेला नाही. यकृताच्या जुनाट आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अमेरिकेत आजही सर्वाधिक आहे ते अमेरिकन इंडियन आणि अलास्कन मूलनिवासींतच. त्यामागे दारू आहे, हिपॅटायटिस सी आहे, अलीकडे मेदाने सुजलेले यकृतही आहे. यांपैकी कशावरच लस नाही. हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या एका गोळीचा बारा आठवड्यांचा कोर्स २०१३ मध्ये बाजारात आला तो ८४,००० डॉलरला, आणि कोणाचा इलाज आधी करायचा ही वाटाघाट पुन्हा सुरू झाली. यकृत पुरतेच निकामी झाले तर बदलून देणारे एकही केंद्र अलास्कात नाही. रोग्याने अँकरेजहून साडेतीन तास विमानाने सिएटल गाठायचे, सोबत एक नातेवाईक न्यायचा, आणि शस्त्रक्रियेनंतरही कित्येक आठवडे तिथेच राहायचे.