कृष्णवडाचा द्रोण

बरेच दिवस कृष्णवडावर लिहीन म्हणत होतो. परवा गारगोटीहून मावशीचा फोन आला. "अरे, तुझ्या झाडाला नवे द्रोण फुटलेत, येऊन बघून जा." मग राहवेना.

ज्यांनी हे झाड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाड वडाचंच, पण पानाच्या बुडाशी दोन्ही कडा एकमेकींना जुळलेल्या असतात आणि देठापाशी चांगला खोलगट द्रोण तयार होतो. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत बोट घालून बघितलं होतं! गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. बाळकृष्णानं लोणी चोरलं, तेवढ्यात यशोदा आली, त्यानं घाईनं लोणी वडाच्या पानात लपवलं, आणि तेव्हापासून ते पान वळलेलं ते वळलेलंच.

मला इतिहासाची खोड, त्यामुळे गोष्टीवर थांबवलं नाही. या झाडाचं शास्त्रीय नाव फायकस कृष्णी. म्हणजे कृष्णाचंच! आणि ते दिलं १९०१ साली, जिनिव्हाच्या काझिमीर द कांदोल यांनी. त्यांच्या घरात वनस्पतिशास्त्र तीन पिढ्यांचं. आजोबा ओग्युस्त्यँ पिराम मोठे शास्त्रज्ञ, आणि वडील आल्फोन्स यांनी तर माणसानं लावलेल्या झाडांचं मूळ घर कोणतं, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलाच्या वाट्याला मात्र असं झाड आलं की ज्याचं रानातलं घरच नाही. कृष्णवड सापडतो तो बागांत, देवळांत, कुणाच्या तरी परसात.

पुढे कॉर्नर या इंग्रज अभ्यासकानं (वड-उंबर कुळावर त्यांचा शब्द मोठा) याला वेगळी जात न मानता वडाचाच एक प्रकार ठरवलं. मला ते पटतं. केव्हातरी एखाद्या वडाच्या फांदीला पानांचं हे वळण लागलं असेल, कुणाच्या तरी नजरेस पडलं असेल, आणि त्यानं ती फांदी काढून लावली असेल. नाव नाही, गाव नाही. द कांदोल यांचं नाव छापलं गेलं, पण माझ्या मते खरं काम त्या माणसाचं.

कारण साध्या वडाला आपली गरजच नसते. पाखरं फळ खातात, बी भिंतीच्या फटीत पडतं, आणि पन्हाळ्याच्या तटाचे दगडसुद्धा हलतात. कलकत्त्याजवळ शिवपूरच्या बागेतल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं कुजलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी तो वड पारंब्यांवर उभाच आहे. कृष्णवडाला पारंब्या कमीच येतात, आणि द्रोणाची खात्री हवी तर कलमच करावं लागतं. म्हणजे आज जो कृष्णवड आपण बघतो, त्याच्या मागे फांदी कापणाऱ्या हातांची एक लांब रांग आहे.

माझा २००६ चा. एका रोपवाटिकेतून आणलेला. शुक्रवार पेठेत जमीन कुठली, म्हणून मोठ्या कुंडीत. ऊन भरपूर, पाणी बेतानं, बुडाला खापऱ्या घालून निचरा. द्रोणात धूळ साठते, ती ओल्या फडक्यानं पुसायची. आई वटपौर्णिमेला त्यालाच दोरा गुंडाळायची. शेजारणी पूजेला फांदी मागत, आणि आई चक्क खोटं बोलायची की कीड लागलीय म्हणून...

२०१७ च्या पावसाळ्यात मावशीच्या हट्टापायी गुटी बांधली. अंगठ्याएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढली, चीक पुसला, ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधलं. दोनेक महिन्यांनी पांढऱ्या मुळ्या दिसल्या. रोप गारगोटीला गेलं तेव्हा, खरं सांगतो, मला जिवावर आलं होतं.

मग ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही आईला घेऊन निघालो, कुंडी कोण उचलणार? परत आलो तेव्हा घरभर गाळ, कुंडी आडवी, आणि झाड वीतभर बुंधा ठेवून मोडलेलं. आईनं आधी कुंडी उभी केली, मग घर धुवायला घेतलं.

दिवाळीच्या सुमारास बुंध्याला कोंब आला. आम्ही पेढे आणायचेच बाकी ठेवले होते! पान उलगडलं तर सपाट. दुसरंही सपाट. बुंधा नीट पुसून पाहिला तेव्हा कळलं की रोप साध्या वडावर बांधलेलं कलम होतं. पुरात कृष्णवड गेला होता, खालचा वड राहिला होता. विकताना कुणी हे सांगितलं नव्हतं. तेरा वर्षं मीही कधी वाकून पाहिलं नव्हतं म्हणा.

आई पुराबद्दल कधी रडली नाही, त्या सपाट पानापाशी रडली.

मावशीचं झाड मात्र गुटीचं, स्वतःच्या मुळांवर उभं. २०२२ च्या पावसात तिथूनच गुटी बांधून आणली. आता कुंडी गच्चीवर असते. आणि तो साधा वड? तो आईनं टाकू दिला नाही. तो खाली जुन्या कुंडीत आहे, आणि वटपौर्णिमेला शेजारणींना त्याच्या फांद्या मिळतात.