अ‍ॅन्सिलरी सोर्ड

अमेरिकन लेखिका अ‍ॅन लेकी (जन्म १९६६) यांची विज्ञान कादंबरी (२०१४). ‘इम्पीरियल राड्च’ या अंतराळयुद्धाच्या त्रयीतील ही दुसरी. आधीची ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’ (२०१३), नंतरची ‘अ‍ॅन्सिलरी मर्सी’ (२०१५).

निवेदक ब्रेक ही एके काळी असंख्य मानवी देहांतून वावरणारी युद्धनौका होती. नौका नष्ट झाली आणि एकच देह उरला. साम्राज्याची शासक अनांदर मियानाई हीसुद्धा अनेकदेही, पण आता स्वतःशीच लढणारी. तिच्या हुकमावरून ब्रेक अथोएक या ठाण्यावर जाते. तिथे जाण्यामागे तिचे स्वतःचे कारणही आहे : सक्तीच्या हुकमाने तिने जिचा जीव घेतला, त्या ऑन या अधिकाऱ्याची बहीण तिथे राहते.

लढायांच्या अपेक्षेने पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होईल. कथा रेंगाळते ती ठाण्याखालच्या ग्रहावरील चहाच्या मळ्यांत. जिंकलेल्या दुसऱ्या ग्रहावरून आणलेले मजूर, कधीच न फिटणारे कर्ज, मळेवाल्यांचा सुसंस्कृत तोरा. आसामच्या चहामळ्यांचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे परके वाटणार नाही. मधल्या भागाचा संथपणा काही समीक्षकांना खटकला, परंतु साम्राज्याची खरी चिरफाड इथेच होते. कादंबरीला ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशनचा आणि लोकस पुरस्कार मिळाला. ह्यूगो व नेब्युलासाठी नामांकने झाली.