संजीवनी, सायरन आणि पुढची पायरी

हनुमानाने संजीवनीसाठी उचलून आणलेला पर्वत द्रोणागिरी, आणि उरणजवळच्या डोंगराचं नावही तेच. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि या टापूत कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली. सिडकोने वसवलेल्या द्रोणागिरीत आज संजीवनी येते ती चार चाकांवरून. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवायचा आणि कान सायरनकडे लावायचे.

ही १०८ सेवा महाराष्ट्रात २०१४ साली आली. तेव्हा गाड्या ९३७; त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक. इतर अनेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो, इथे डॉक्टर बसवला. त्यांत आयुर्वेद-होमिओपॅथीचे पदवीधर पुष्कळ. रुग्णाच्या दृष्टीने सोय उत्तमच. पण ज्याला उद्या स्वतःचा दवाखाना थाटायचा आहे, त्याने गाडीतच आयुष्य का काढावं?

रुग्णवाहिकेतल्या कामाला पुढची पायरी नसण्याचा हा पेच जुना आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ने गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगारांना शिकवून रुग्णवाहिकेवर नेमलं. त्याआधी तिथे रुग्णाला न्यायला बहुधा पोलिसांची गाडी यायची! या नव्या पथकाचं काम नावाजलं गेलं, तरी १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि ‘फ्रीडम हाउस’ बंद पडलं. कौशल्य होतं, नोकरीची हमी नव्हती.

आपल्याकडे २०२१च्या कायद्याने पॅरामेडिकला, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञाला, व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. कागदावर शिडी उभी राहिली म्हणायची. वरच्या पायऱ्या मात्र बढती, पगार आणि निवृत्तिवेतनाच्या लाकडाच्या लागतात, आणि कंत्राटी नोकरीत नेमकं तेच लाकूड कमी पडतं.