पडद्यावरचा आखाडा : खेळाडू नायिका, प्रेम आणि परवानगी

१/
फेब्रुवारी १९५४. हमीदा बानू या महिला पैलवानाने जाहीर आव्हान दिले की, जो पुरुष आपल्याला कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू. पतियाळा आणि कलकत्ता येथील पैलवान त्यांच्यापुढे हरले. मे महिन्यात बडोद्याला बाबा पहिलवान समोर आले. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली. विवाह अर्थातच झाला नाही.

२/
क्रीडा, स्त्री आणि प्रेम या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारे हे कथानक हिंदी चित्रपटसृष्टीला अनेक दशके सुचले नाही. खेळाडू स्त्रीला केंद्रस्थानी ठेवणारे मोठे हिंदी चित्रपट प्रामुख्याने २००७ नंतर आले. त्या चित्रपटांनी प्रेमाचे काय केले, आणि ज्या खऱ्या स्त्रियांवरून ते सुचले त्यांच्या आयुष्यात काय घडत होते, याचा हा धागा.

३/
प्रारंभी एक तुलना. पुरुष खेळाडूच्या चित्रपटात प्रेम हे वाटेतले एक स्थानक असते. 'भाग मिल्खा भाग' (२०१३) मध्ये मिल्खासिंग यांच्या आयुष्यात प्रेम येते, प्रेरणा देते, निघून जाते. धावणे थांबत नाही. गंमत अशी की, पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या निर्मल सैनी स्वतः भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. चित्रपटाची कथा १९६० च्या लाहोरच्या शर्यतीपाशी थांबते. कर्णधारबाई कथेच्या बाहेरच राहतात.

४/
स्त्री खेळाडूच्या चित्रपटात मात्र प्रेम हा निकालाचा प्रश्न होतो. प्रेम की खेळ? या प्रश्नाला हिंदी चित्रपटांनी साधारण चार उत्तरे दिली आहेत. चारही नीट पाहण्यासारखी आहेत, कारण प्रत्येक उत्तर आपल्या काळाविषयी काही सांगून जाते.

५/
पहिले उत्तर : प्रियकराला नकार. 'चक दे! इंडिया' (२००७) मधील प्रीती सबरवाल ही हॉकीपटू. तिचा भावी नवरा भारतीय क्रिकेट संघाचा उपकर्णधार. तिच्या खेळाला तो छंद समजतो. विश्वचषक जिंकून आल्यावर प्रीती त्याला नाकारते. गोलरक्षक विद्या शर्मापुढे सासरचा दबाव आहे. प्रशिक्षक कबीर खानला तर प्रेमकथाच दिलेली नाही, आणि ती भूमिका शाहरुख खानची आहे! २००७ मध्ये हा निर्णय धाडसाचा होता.

६/
या चित्रपटाचे आणखी एक वेगळेपण नजरेतून सुटते. येथे मुख्य अडथळा घर नसून संघटना आहे. महिला संघाला परदेशी पाठवण्याची पदाधिकाऱ्यांची तयारी नसते. पुरुष संघाशी सामना खेळून पात्रता सिद्ध करावी लागते. मुली तो सामना हरतात, पण ज्या जिद्दीने खेळतात त्यामुळे दौरा मंजूर होतो. चित्रपटाच्या मागे २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतील भारतीय महिला हॉकी संघाच्या सुवर्णपदकाची प्रेरणा होती.

७/
दुसरे उत्तर : समंजस पती. 'मेरी कोम' (२०१४) मध्ये पती ओन्लर जुळ्या मुलांचा सांभाळ करतो आणि मेरी पुन्हा रिंगणात उतरते. हे वास्तवाला धरून आहे. २००२ मध्ये मेरी यांनी जागतिक अजिंक्यपद पटकावले, २००५ मध्ये विवाह केला, मातृत्वानंतर २००८ मध्ये चीनमधील निंग्बो येथे पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवले. पडद्यावर मात्र अंतिम लढत आणि मुलाची हृदयशस्त्रक्रिया एकाच क्षणी गुंफली आहे. विजयाचे बळ आईच्या काळजातून यावे, असा तो आग्रह.

८/
या मांडणीत एक गोष्ट मागे पडते. मेरी अनेकदा जागतिक विजेत्या झाल्या तरी त्यांना ऑलिंपिक खेळता येत नव्हते. कारण पती, सासर किंवा मुले यांत नव्हते. महिलांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रवेशच २०१२ मध्ये, लंडन येथे मिळाला. त्याच स्पर्धेत मेरी यांनी कांस्यपदक जिंकले. नियमांच्या पुस्तकाने अडवलेली ही वर्षे पडद्यावर दाखवायला अवघड. रुग्णालयातले बाळ दाखवायला सोपे.

९/
'पंगा' (२०२०) याच वाटेवरचा, पण अधिक मृदू चित्रपट. भोपाळची जया निगम ही माजी कबड्डीपटू, रेल्वेतील कर्मचारी, एका मुलाची आई. पुनरागमनाची ठिणगी मुलाच्या हट्टातून पडते. पती स्वयंपाकघराशी झगडतो, पण मागे हटत नाही. येथे संसार आणि खेळ शत्रू नाहीत, हे मोलाचे. तरीही जयाची इच्छा आधी कुटुंबाने उच्चारावी लागते, मग तिला ती स्वतःची म्हणता येते.

१०/
तिसरे उत्तर : प्रेमाकडून खेळाचा बळी. जुलै २०१६ मध्ये 'सुलतान' आला. आरफा ही प्रशिक्षित पैलवान. ऑलिंपिक पदक हे तिचे स्वप्न. सुलतान कुस्तीकडे वळतो तो तिच्या प्रेमापोटी. विवाहानंतर ती गरोदर राहते आणि हसतमुखाने आखाड्यातून बाजूला होते; पदके तो आणतो. तिच्या त्यागाचे दुःख चित्रपटाला फारसे जाणवत नाही. शेवटाकडे ती पुन्हा कुस्तीकडे वळते, पण तोवर कथा सुलतानची झालेली असते.

११/
इतिहासाचे उत्तर सहा आठवड्यांत आले. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये हरियाणाच्याच साक्षी मलिक यांनी कांस्यपदक जिंकले; ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला कुस्तीगीर. पुढच्या वर्षी त्यांनी एका पैलवानाशीच विवाह केला. खेळ सुटला नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साक्षी यांनी सुवर्ण जिंकले.

१२/
चौथे उत्तर : प्रेम वगळणे. 'दंगल' (डिसेंबर २०१६) मध्ये प्रियकर नाही; त्याची जागा वडिलांनी घेतली आहे. बालविवाह होत असलेली मैत्रीण गीता-बबिताला सांगते की, तुमचे वडील निदान तुमचा विचार तरी करतात. हा प्रसंग आजही अंगावर येतो. पण राष्ट्रीय अकादमीत गेलेली गीता केस वाढवते, नखे रंगवते, तेव्हा चित्रपट त्याकडे घसरण म्हणून पाहतो. लाल माती सोडून स्वतःची आवड शोधणे म्हणजे जणू वाट चुकणे.

१३/
२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम लढत पडद्यावर अखेरच्या क्षणापर्यंत रंगते आणि वडील एका खोलीत कोंडले गेलेले असतात. प्रत्यक्षात गीता फोगट यांनी ती लढत सलग दोन फेऱ्यांत, निर्विवादपणे जिंकली होती. वडिलांना कोंडण्याचा प्रसंग काल्पनिक आहे. नाट्यासाठी खलनायक हवा होता. तो एका प्रशिक्षकाच्या रूपाने घडवला गेला.

१४/
'रश्मी रॉकेट' (२०२१) या प्रश्नाला वेगळे वळण देतो. धावपटू रश्मीला लिंगचाचणीच्या नावाखाली अपमानित केले जाते. लष्करी अधिकारी असलेला पती ठाम पाठीशी राहतो. खटल्यादरम्यान ती गरोदर राहते आणि तशाच अवस्थेत धावते. चित्रपटाने क्रूर नियमावर बोट ठेवले, हे त्याचे श्रेय. पण नायिकेचे स्त्रीत्व प्रेक्षकाला पटावे म्हणून विवाह आणि गर्भ हे पुरावे समोर ठेवले, ही मर्यादाही त्याचीच.

१५/
वास्तव अधिक धीट होते. २०१४ मध्ये अशाच नियमामुळे वगळल्या गेलेल्या द्युती चंद यांनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला आणि द्युती रिओ ऑलिंपिकमध्ये धावल्या. २०१९ मध्ये त्यांनी आपण एका स्त्रीच्या प्रेमात असल्याचे जाहीरपणे सांगितले. कोणत्याही पुराव्यासाठी नव्हे. ते त्यांचे प्रेम होते म्हणून.

१६/
आता चारही उत्तरे एकत्र ठेवून पाहू. नकार, साथ, त्याग, अभाव. उत्तरे भिन्न, पण बहुतेक ठिकाणी गृहीतक एकच : स्त्री खेळाडूचे भवितव्य घरात ठरते. घर बदलले की देश बदलला. क्रीडा संघटना पडद्यावर येते ती एखाद्या उर्मट अधिकाऱ्याच्या रूपाने. एका माणसाची खोड मोडली की प्रश्न मिटला. संघटनेची रचना, निवडीचे अधिकार, तक्रार कोणाकडे करायची, हे प्रश्न उभेच राहत नाहीत.

१७/
या वगळण्याची किंमत २०२३ मध्ये दिसली. साक्षी मलिक, विनेश फोगट आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले होते. मागणी होती कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांची चौकशी आणि कारवाई. विनेश या गीता-बबिता यांच्या चुलत भगिनी, त्याच घरात घडलेल्या. या मुलींना वडीलधाऱ्यांनी अडवले नव्हते, नवऱ्यांनीही नाही. 'दंगल'ला टाळ्या वाजवलेल्या प्रेक्षकाकडे या प्रसंगासाठी तयार कथाच नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये साक्षी यांनी पत्रकार परिषदेत आपले बूट टेबलावर ठेवले आणि कुस्तीचा निरोप घेतला.

१८/
पुन्हा हमीदा बानू यांच्याकडे वळू. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर मिळाले की, बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही. आयोजक नकली प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

१९/
पुढे युरोपात जाऊन लढण्याचा त्यांचा मनसुबा जाहीर झाला आणि थोड्याच काळात त्या कुस्तीच्या फडावरून दिसेनाशा झाल्या. कुटुंबीयांच्या आठवणींनुसार, त्या युरोपला जाऊ नयेत म्हणून त्यांच्या वस्तादानेच त्यांना जबर मारहाण केली, हातपाय मोडले. अखेरची वर्षे कल्याणला दूध आणि खाद्यपदार्थ विकण्यात गेली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०/
या एका आयुष्यात संघटनेचा नकार आहे, सरकारी उत्तर आहे, जवळच्या माणसाची हिंसाही आहे. एकाला दुसऱ्यापासून तोडता येत नाही. म्हणून 'प्रेम की खेळ' हा प्रश्नच अपुरा ठरतो. खरा प्रश्न : निर्णय कोणाचा? १९५४ च्या त्या आव्हानात अट हमीदा बानू यांनी स्वतः घातली होती, आणि ती पूर्ण होऊ द्यायची नाही हेही त्यांच्याच मनगटात होते. पुढचा क्रीडाचित्रपट पाहताना एवढेच तपासावे : नायिका जिंकते तेव्हा तिला खेळायची परवानगी कोणी दिलेली असते?