०.२ मिलिमीटरची वाळू आणि बर्लिनचा एक प्रबंध

सांडपाणी प्रक्रियेचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. ग्रिट चेंबरच्या प्रकरणात तीन आकडे ठाण मांडून बसलेले दिसतील: कणाचा व्यास ०.२ मिमी, विशिष्ट गुरुत्व २.६५ आणि पाण्याचा आडवा वेग सेकंदाला ०.३ मीटरपर्यंत. परीक्षेपुरते आपण ते पाठ करतो. संशोधनाला बसलात की मात्र हे आकडे आले कुठून, असं कुणीतरी विचारतंच.

आधी अडचण काय ते पाहू. गटारात येणारी वाळू पंपाचे पंखे झिजवते, पुढच्या टाक्यांच्या तळाशी साचून जागा खाते. म्हणून ती सुरुवातीलाच काढायची. पण तिच्यासोबत मैला आणि अन्नाचे कण बसता कामा नयेत, नाहीतर काढलेला ढीग कुजतो, वास मारतो. तांदूळ रोवळण्यासारखंच हे! हात जोरात फिरला तर खडेही तांदळाबरोबर जातात, फार हळू फिरला तर काहीच वेगळं होत नाही.

वाळू खाली कशी बसते, हा अर्धा भाग ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये सोडवला. टाकी किती खोल यापेक्षा तिच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ किती, हे महत्त्वाचं, असं त्यांनी दाखवलं. उरलेला अर्धा भाग जास्त अवघड. हलका कण वाहून जावा, पण तळाशी बसलेली वाळू पुन्हा उचलली जाऊ नये, असा वेग कोणता? सेकंदाला एक फूट हा ठोकताळा अभियंत्यांच्या अंगवळणी पडला होता. त्याला सिद्धांताचा आधार दिला थॉमस कॅम्प यांनी, १९४० च्या दशकात. आणि तो त्यांनी आणला नद्यांच्या अभ्यासातून.

अल्बर्ट शील्ड्स हा अमेरिकन तरुण बर्लिनला गेला आणि १९३६ मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय होता नदीच्या तळावरचे कण कधी हलू लागतात. सांडपाण्याशी काहीही संबंध नाही. पण त्याने ग्रॅनाइटचे तुकडे, बराइट, लिग्नाइट, अगदी अंबरसुद्धा वापरून पाहिलं, म्हणजे जड-हलके सगळेच कण. माझ्या मते कॅम्प यांना हवं होतं ते नेमकं इथे होतं: कणाची घनता बदलली की त्याला हलवणारा वेग किती बदलतो. शील्ड्सला परतल्यावर या विषयात काम मिळालं नाही. पुट्ठ्याच्या खोक्यांची यंत्रं बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं.

आपल्याकडच्या सीपीएचईईओच्या नियमावलीतलं सूत्र याच घराण्यातलं. (विशिष्ट गुरुत्व − १) × गुरुत्व त्वरण × व्यास, याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ३ ते ४.५ ने गुणायचं. ०.२ मिमीच्या वाळूसाठी ४ ने गुणून पाहा: सेकंदाला सुमारे ०.२३ मीटर. ३ घेतलं तर ०.१७, ४.५ घेतलं तर ०.२६. हिशेब स्वतः करा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरी गोम. २.६५ हे स्वच्छ क्वार्ट्झचं विशिष्ट गुरुत्व आहे. गटारातल्या कणावर तेलाचा, चरबीचा थर असतो, आकारही गोल नसतो. तो हिशेबापेक्षा हळू बसतो. कागदावर बरोबर असलेल्या चेंबरमधूनही वाळू पुढे निसटते, ती याचमुळे. या विषयात काम करायचं असेल तर सूत्र लावण्याआधी आपल्या शहरातल्या गटाराची वाळू चाळणीतून काढा, न धुता तिचा बसण्याचा वेग मोजा, मग धुऊन पुन्हा मोजा.

आणखी एक. मूळ प्रबंधातल्या आलेखावर शील्ड्सने एक रेघ ओढलेली नाही, रुंद पट्टा दाखवला आहे. आपण पुस्तकांत पाहतो ती बारीक रेघ हंटर राउज यांनी १९३९ मध्ये काढली.